रमजान आणि दात : तोंडात नेमकं काय घडतं?

भौतिक बदल आणि रासायनिक बदल हे शब्द मुलं शाळेत पाठ करतात. दोन्ही बदल आपल्या तोंडात रोज होतात. तांदळाच्या भाकरीचा तुकडा दातांनी मोडला, तरी तो भाकरीच राहतो. हा भौतिक बदल. तोच घास मिनिटभर चावत राहा, गोडसर लागेल. कारण लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम पिठातल्या स्टार्चची साखर करू लागतं. हा रासायनिक बदल.

दातांचंही तसंच. नळी फोडताना दाताचा टवका उडाला, तर तो भौतिक बदल. कीड मात्र रासायनिक. 'कीड' म्हणतो खरं, पण तिथे किडा कुठलाच नसतो! दातांवरचे जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं. आम्लामुळे पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की ते विरघळू लागतं. लाळ हे आम्ल शमवते, थोडं खनिज परतही देते. पण तिला अर्धा-एक तास लागतो.

रमजानमध्ये तिला हाच वेळ मिळत नाही. इफ्तारला दोन-तीन खजूर खाल्ले, त्याचं विशेष नाही. पण मग सरबत, नंतर फिरनी, तरावीहहून आल्यावर गोड चहा, मध्येच पुन्हा सरबताचा घोट... दर वेळी नवं आम्ल. किती गोड खाल्लं, यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दातांना जड जातं. त्यात सहरी करून, फजर पढून दात न घासता झोपायचं. झोपेत लाळ आणखी कमी होते.

म्हणून गोड एकाच बैठकीत उरकावं. लिंबू सरबतानंतर लगेच ब्रश नको, इनॅमल मऊ झालेलं असतं. नुसती चूळ भरावी, अर्ध्या तासाने घासावं. रोजात मिस्वाक आहेच. हनफी मसलकात ती दिवसभर चालते, शाफई मसलकात मात्र जवालनंतर मकरूह मानतात. कोकणातल्या घरांत हे माहीत असतंच.

इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे पडलेला खड्डा आपोआप भरत नाही. नुसता पांढरा डाग असेल, तर फ्लोराइडने तो सावरू शकतो. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने घासून फक्त थुंकावं, चूळ भरू नये. सहरीनंतर मात्र वेळ संपण्याआधी घासून तोंड नीट धुवावं, म्हणजे पेस्टची चव रोजात राहणार नाही.