स्प्रिंगच्या एअर रायफलला दुर्बीण बसवताना

खोपोलीतल्या मित्राची नवी एअर रायफल नेम धरेना. तो बॅरलला दोष देत होता. मी माउंट पाहिला, तर तो रेलवर मागे सरकलेला, धातूवर ताजा ओरखडा.

स्प्रिंगच्या रायफलचा धक्का दुहेरी असतो: आधी मागे, मग पिस्टन आदळला की पुढे. हा पुढचा झटका भल्याभल्या दुर्बिणी खिळखिळ्या करतो. म्हणून एअर रायफलसाठी बनवलेलीच घ्या. माउंटला स्टॉप पिन हवीच!

पॅरलॅक्स 10 मीटरपर्यंत जुळवता यायला हवा. शिकारी रायफलच्या दुर्बिणी बहुधा 100 यार्डांना जुळवलेल्या असतात. आपल्या पावसाळ्यात नायट्रोजन भरलेलीच बरी, आतून बाष्प धरत नाही.

10 मीटरच्या स्पर्धेत मात्र दुर्बीण चालत नाही, पीप साइटच लागते.

आणि नेम कागदावरच धरा. वन्यप्राण्यांची शिकार 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे.

कोणती रायफल आहे ते कळवा, माउंट सुचवतो.