निवडुंगाच्या माळावरचें गांव

कडेगांवच्या दक्षिणेस, पुणें-मिरज लोहमार्गावर, कुंडल रोड नांवाचें लहानसें स्टेशन होतें. सभोंवार निवडुंग आणि नागांचा वावर! बेळगांवची जागा सोडावी लागल्यावर १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर येथें आले. वय चाळिशीचें, पाठीशीं कुटुंब व कामगार. औंधच्या राजेसाहेबांनीं ३२ एकर माळ दिला, कर्जाऊ रक्कमही दिली. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. बेळगांवांत पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं होतीं. येथें मात्र आगगाडी दाराशींच होती. लोखंड येई, नांगर जात. पुढें स्टेशनलाही किर्लोस्करवाडी हेंच नांव मिळालें. वाचकहो, गाडी तर कितीतरी माळांवर थांबते. गांव वसतें तें तेथें उतरून राहणाऱ्या माणसांमुळें!