खेळण्यांतील मोटारीचे गचके

श्रोतेहो, पेन्शनर मास्तरानें खेळण्यांतील मोटारीवर बोलावें हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या दिवाळीपासून आमच्या घरीं या विषयाचा इतका खल झाला आहे कीं, त्याचें सार आपणांपुढें ठेवावेंसें वाटलें.

माझ्या नातवाजवळ बिनतारी लहरींनीं हांकावयाची एक मोटार आहे. ती जपानांतील शिझुओका शहरच्या टामिया कंपनीची, टीटी-०२ जातीची. खऱ्या मोटारीच्या एकदशांश आकाराची. या कंपनीनें अशी पहिली मोटार १९७६ सालीं काढली. आमची मोटार घरांतील फरशीवर झकास धांवे. पण अंगणांतल्या फरसबंदीवर नेली कीं, टुणटुण उड्या मारी आणि वळणावर उलटे. चिरंजीवांचें निदान असें कीं, मोटर कमजोर आहे! सांठविलेले सारे पैसे जोरदार मोटरीवर खर्चण्याचा त्यांचा बेत ठरला होता. मीं म्हटलें, "बाळ, जें चाक जमिनीवर टेकतच नाहीं, त्याला जोर देऊन काय उपयोग?"

वळणें, थांबणें व धांवणें या तिन्ही क्रिया चाकाच्या पकडीवर अवलंबून असतात. आतां, मोटार एकदशांश असली तरी अंगण कांहीं एकदशांश नसतें. फरशीची अर्धा इंच उंच कड म्हणजे खऱ्या मोटारीला पांच इंचांची पायरीच होय! हा धक्का स्प्रिंग सोसते खरी, पण ती तो नाहींसा करीत नाहीं. सांठविते आणि लगेच परत करते. म्हणून उडी. ही परतफेड जिरविण्याचें काम शॉक-ॲब्सॉर्बरचें.

साध्या संचांतील शॉक कोरड्या घर्षणावर चालतात. माळ्यावरची जड ट्रंक ढकलून पाहा. थोड्या जोरानें ती हलत नाहीं. एकदां हलली कीं, हळू ढकला वा जलद, घर्षण जवळजवळ तेंच. त्यामुळें असा शॉक बारीक धक्क्याला अडून बसतो व मोठ्या धक्क्याला अपुरा पडतो. उलट बादलींतील पाण्यांतून पंजा सावकाश फिरवा. विरोध जाणवत नाहीं. झपाट्यानें फिरवा, हात अडतो. तेलाच्या शॉकमध्यें हेंच घडतें. नळकांडींतील दट्ट्याला बारीक भोकें असतात. त्यांतून तेल रेटलें जातें आणि धक्क्याची शक्ति उष्णतारूपानें जिरते.

तेव्हां मोटरीऐवजीं आम्हीं तेलाचे चार शॉक आणविले. भरण्याची रीत अशी: नळकांडी उभी धरून दट्ट्या तळाशीं ओढावा, सिलिकोनचें तेल कांठोकांठ भरावें, दट्ट्या सावकाश वरखालीं करून बुडबुडे वर येऊं द्यावे, मग कांहीं वेळ तशीच ठेवावी आणि शेवटीं टोपण बसवून ओघळलेलें तेल पुसावें.

येथें चूक झाली ती माझीच. उत्साहाच्या भरांत एका शॉकचे बुडबुडे निघण्याची मीं वाटच पाहिली नाहीं. हवा दबते, तेल दबत नाहीं म्हटलें तरी चालेल. तो शॉक पोकळ लागूं लागला व मोटार उजव्या वळणाला एक आणि डाव्या वळणाला दुसरेंच वागूं लागली. नातू कांहीं बोलला नाहीं. त्यानें तो शॉक उघडून पुन्हा भरला. वर्गांत मीं पुष्कळांच्या चुका दाखविल्या. इतक्या सौजन्यानें एकही दाखविली नसेल!

तेल किती दाट असावें? एकाच कंपनीच्या तेलांत आंकडा मोठा, तें तेल दाट. दाट तेलानें चाक खड्ड्यांतून वेळेवर परतत नाहीं. पातळ तेलानें उड्या थांबत नाहींत. परीक्षा सोपी आहे. मोटार हातानें दाबून सोडावी. ती वर येऊन शांत बसली तर ठीक. डोलत राहिली तर तेल पातळ. उन्हाळ्यांत तेल आपसूक पातळ होतें, हेंही ध्यानांत असावें. डाव्या-उजव्या जोडींत तेल व स्प्रिंग मात्र एकसारखींच हवींत. बदल एका वेळीं एकच करावा, नाहींतर गुण कशाचा आला तें कळत नाहीं.

जुन्याच मोटरीवर आमची मोटार आतां अंगणाला न उलटतां फेरी घालते, आणि नातवाचे उरलेले पैसे त्याच्या डब्यांत शाबूत आहेत. वेग वाढविण्यापूर्वीं पाय जमिनीवर टिकतात कीं नाहीं हें पाहावें, एवढेंच सांगून आपली रजा घेतों.