जिल्ह्याहून जुनी शाळा

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. याच जिल्ह्यातल्या हेमलकशाची शाळा त्याच्याही आधीची, १९७६ची. बाबा आमटे यांनी १९७३मध्ये भामरागडच्या जंगलात सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची ही निवासी आश्रमशाळा. घरात माडिया ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या मुलांपुढे मराठी पुस्तक ठेवायचे, तर आधी शिक्षकानेच माडिया शिकायला हवी. सुरुवातीची मुले तर घरच्या ओढीने जंगलवाटेने पळून जात. प्रकल्प चालवणारे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांची मुलेही याच वर्गांत, माडिया मुलांसोबत शिकली. आपल्या शाळेवर एवढा विश्वास फार थोडे संस्थाचालक दाखवतात. आता इथे बारावीपर्यंत वर्ग आहेत. इथलेच माजी विद्यार्थी कन्ना मडावी डॉक्टर होऊन गडचिरोली जिल्ह्यातच रुग्णसेवेला परतले.