मोटारीचा पुढला सांधा घरीं बदलण्याची रीत

बैलगाडीच्या आंसास वंगण घालण्यास जो शेतकरी कधीं चुकत नाहीं, तोच दारांतल्या मोटारीच्या पुढल्या चाकांखालीं वर्षानुवर्षें वांकून पाहत नाहीं. हा दोष आमच्याकडूनही घडला. गेल्या गळिताच्या हंगामांत खचलेल्या रस्त्यांवरून जातां-येतां आमच्या गाडीच्या पुढल्या बाजूस खट्‌खट् आवाज येऊं लागला. आम्हीं महिनाभर दुर्लक्ष केलें. अखेर पाहिलें, तों डावीकडील बॉल जॉइंटाचें रबरी टोपण फाटून आंत चिखल शिरला होता व सांधा ढिला झाला होता.

मनुष्याच्या खुब्यांत वाटींत गोळा फिरतो, तशीच या सांध्याची रचना असते. चाकाचा गाभा व खालचा आर्म यांस तो जोडतो. तो निखळला तर चाक आडवें होतें आणि गाडी ताब्यांत राहत नाहीं.

परीक्षा सोपी आहे. चाक उचलून वर व खालीं धरून हलवावें आणि दुसऱ्यानें सांध्याकडे पाहावें. आर्म व गाभा यांमध्यें हालचाल दिसल्यास सांधा झिजला असें समजावें. सांधा स्थिर असूनही चाक हलत असेल, तर बेअरिंग तपासावें.

कामापूर्वीं स्प्रिंग कोठें आहे तें पाहावें. ती शॉकअब्सॉर्बरभोंवतीं उभी बसविलेली असेल, तर हें काम घरीं करतां येतें. ती खालच्या आर्मवर टेकलेली असेल, तर सांधा सोडतांच आर्म उसळून प्राणावर बेतूं शकतें. तेथें जाणत्या कारागिराकडेच जावें.

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा व मागील चाकांस ठोकळे लावावे. चाकाचे नट जमिनीवरच किंचित् सैल करून मग जॅक लावावा. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कदापि जाऊं नये; सांगाड्याखालीं भक्कम स्टँड द्यावा. विटा रचणें म्हणजे आपत्तीस आमंत्रण होय.

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीं पातळ तेल सोडावें. सांध्याचा दांडा निमुळता असल्यास नट कांहीं आटे ठेवून सैल करावा व गाभ्याच्या डोळ्यावर बाजूनें हातोडीचे ठोके द्यावे. आट्यांवर मारूं नये. गाभा सुटल्यावर तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळूं देऊं नये. पुष्कळ गाड्यांत सांधा आर्मसहच मिळतो. तेथें संपूर्ण आर्म बदलावा.

नवीन भाग बसवितांना जुनी कॉटर पिन पुन्हां वापरूं नये. पिनेचें छिद्र जुळत नसेल, तर नट मागें न फिरवितां थोडा पुढें आवळावा. आवळण्याचें माप गाडीच्या पुस्तिकेंतील घ्यावें. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडीचा भार चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळावे. अधांतरीं आवळल्यास रबर पिळलेलें राहून लवकर फाटतें. आम्हांस ही गोष्ट एक बुश वायां घालवून कळली.

शेवटीं दोन्ही चाकांची सरळ रेषा यंत्रावर तपासून घ्यावी, नाहींतर टायर एका बाजूनें झिजतात. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हां पाहावे.

पान्याची संवय शेतकऱ्यास नवी नाहीं. पंप व नांगर तो स्वतःच दुरुस्त करतो. परंतु पंप बिघडला तर पाणी थांबतें. हा सांधा बिघडला तर गाडींत बसलेलीं मुलेंबाळें संकटांत पडतात. तेव्हां ज्या कामाविषयीं मनांत शंका उरेल, तें अर्ध्यावर थांबवून कारागिरास बोलावण्यांत कमीपणा नाहीं.