मोटारीतील तारा आणि एक छोटासा फ्यूज

मोटार घेताना घरात रंगाची चर्चा होते, आसनांची होते, एका लिटरमध्ये किती किलोमीटर याची तर होतेच. तिच्या अंगभर पसरलेल्या तारांविषयी मात्र सहसा कोणी विचारीत नाही. पायाखालच्या गालिच्याखालून, दारांच्या पोकळीतून, छताच्या अस्तरामागून गेलेल्या या तारा कारखान्यात मोजून, कापून, टोकांना कपलर बसवून आणि टेपने गुंडाळून एका सलग जुडग्यात बांधलेल्या असतात. त्यालाच वायरिंग हार्नेस म्हणतात. लवचीक तारा गुंफणे यंत्रांना अजून पुरते साधलेले नाही. ते काम आजही बहुतांशी माणसांच्या हातांनीच होते. मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे पश्चिम युक्रेनमधील हार्नेसचे कारखाने विस्कळीत झाले, तेव्हा जर्मनीत फोक्सवॅगनला काही मोटारींचे उत्पादन थांबवावे लागले.

मोटारीची बॅटरी साधारणतः १२ व्होल्टची. एवढ्या दाबाचा धक्का बसत नाही, म्हणून ही वीज निरुपद्रवी आहे असा समज रूढ झाला आहे, आणि सारा घात तेथेच होतो. घरातील २३० व्होल्टवर ६० वॅटचा दिवा जेमतेम पाव अँपिअर प्रवाह ओढतो. मोटारीतील तेवढ्याच वॅटचा हेडलाइट ५ अँपिअर ओढतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ६० वॅटच्या जागी हौसेने १०० वॅटचा बल्ब बसविला, की त्याच तारेत सुमारे पावणेतीन पट उष्णता होते. तार मात्र कंपनीने ६० वॅटचा हिशेब करूनच घातलेली असते.

या हिशेबाचा राखणदार म्हणजे फ्यूज. तो दिव्याला किंवा हॉर्नला वाचविण्यासाठी असतो असे अनेकांना वाटते. वस्तुतः तो तारेला वाचवितो. नेहमीच्या पात्याच्या फ्यूजांत लाल रंग १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा. निळा वारंवार जातो म्हणून तेथे हिरवा बसविला, अथवा चंदेरी कागद गुंडाळून काम भागविले, तर फ्यूज जात नाही हे खरे. पण मग वितळायची पाळी तारेवर येते, आणि तार तर गालिच्याखाली, आसनाखाली असते. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल, तर कोठेतरी तार सोलली आहे किंवा भार वाढला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नवे दिवे, मोठा हॉर्न किंवा कॅमेरा बसविताना दुकानदाराला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: मूळ तार कापणार की कपलरने जोडणार? आणि या जोडणीला स्वतंत्र फ्यूज देणार ना? अधिक प्रवाह ओढणाऱ्या वस्तूला रिले हवा, म्हणजे जड प्रवाह बटणातून न जाता बॅटरीकडून थेट जातो. पीळ देऊन काळी टेप लावलेला जोड कालांतराने सैल होतो, आणि सैल जोड तापतो. विद्युत मोटारीतील नारिंगी केबल ही वेगळीच बाब आहे. तिच्यातील दाब प्राणघातक असतो. तिला घरच्या कोणीही हात लावू नये.

पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा शोधतात आणि तारा कुरतडतात. त्यांना मारण्याची गरज नाही. गाडीत खाऊचा चुरा राहू देऊ नये, ती अनेक दिवस एकाच जागी उभी ठेवू नये, अधूनमधून बॉनेट उघडून पाहावे. बहुतेकदा एवढे पुरते.

जळका वास आला, तर गाडी कडेला घेऊन चावी बंद करावी आणि सर्वांनी तत्काळ दूर जावे. धूर दिसत असताना बॉनेट उघडू नये. आत हवा शिरताच आग भडकते. तारा जळाल्या, तर विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलुपे दगा देऊ शकतात. दार हाताने कसे उघडायचे ते मुलांना आणि आजीआजोबांना आधीच दाखवून ठेवावे. चाइल्ड लॉक लावलेले मागचे दार मात्र आतून उघडत नाही. ते बाहेरून कोण उघडणार, हे घरात ठरलेले असावे.