नवी वनस्पती सापडते कपाटात

नाशिक जिल्ह्यातल्या वनस्पतींची जंत्री १९९१ साली छापून झाली. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पी. लक्ष्मीनरसिंहन आणि बी. डी. शर्मा यांचा तो ग्रंथ आजही जिल्ह्यातल्या अभ्यासकांच्या हाताशी असतो. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २००६ मध्ये, एन. व्ही. मालपुरे, एम. वाय. कांबळे आणि एस. आर. यादव यांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिचे नाव ठेवले सेरोपेजिया अंजनेरिका. अंजनेरी म्हणजे काही निबिड, माणसाचे पाऊल न पडलेले रान नव्हे. त्र्यंबक रस्त्यावर, नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर असलेला, हनुमानाचे जन्मस्थान म्हणून वर्षभर भाविकांची ये-जा असलेला हा डोंगर. इतक्या वर्दळीच्या डोंगरावर, जिल्ह्याची जंत्री छापून झाल्यावरही, विज्ञानाला ठाऊक नसलेली वनस्पती निघते कशी? ‘कोणी नीट पाहिलेच नव्हते’ हे उत्तर तोंडावर येते, पण ते अर्धेच खरे आहे. नवी जात डोळ्यांना दिसते रानात. ती नवी असल्याचे ठरते मात्र जुन्या, वाळलेल्या, लेबल लावलेल्या नमुन्यांनी भरलेल्या कपाटापुढे बसून. या दुसऱ्या टप्प्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही, आणि नेमका तोच आज अशक्त होत चालला आहे.

आधी ही वनस्पती पाहू. सेरोपेजियाला मराठीत कंदीलपुष्प म्हणतात; रानात राहणारी माणसे त्यातल्या कंद खाण्याजोग्या जातींना खर्पुडी म्हणून ओळखतात. वर्षातले बरेच महिने ती जमिनीखाली कंदाच्या रूपात पडून असते. पाऊस लागला की वर येते, फुलते, शेंगा धरते आणि ऊन तापायच्या आत वरचे सगळे वाळून जाते. अंजनेरिका ज्या गटातली आहे त्यातल्या बहुतेक जाती वेल न होता वीतभर-हातभर उभ्या वाढतात, पाने अरुंद, म्हणून फूल नसताना गवतात त्या गवतच वाटतात. फूल मात्र विलक्षण. तळाशी फुगीर, वर नळी, नळीच्या तोंडाशी पाकळ्यांची पाच टोके. वासाने ओढलेली बारीक माशी नळीतून आत घसरते. आतले केस खालच्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे उतरणे सोपे आणि चढणे जवळपास अशक्य. तळच्या कोठडीत मधोमध एक छोटा किरीट असतो. तिथे मधाच्या शोधात खटपट करताना माशीच्या सोंडेला परागपिंड चिकटतात. पुढे केस मलूल झाले की तिची सुटका होते आणि ती दुसऱ्या फुलात जाऊन फसते. जाती ओळखण्यात मोलाचा ठरतो तो हा आतला किरीट: त्याचे बाहेरचे खंड किती, आतले किती लांब, टोके सरळ की वाकडी, केस आहेत की नाहीत. फूल उभे चिरल्याशिवाय यातले काहीही दिसत नाही.

म्हणून ‘सापडली’ या क्रियापदावर माझा आक्षेप आहे. नवी जात हा एक दावा असतो आणि दाव्याला पुरावा लागतो. हे झाड ‘अ’ नाही, ‘ब’ नाही, आजवर नाव मिळालेल्यांपैकी कोणतेच नाही, असे सिद्ध करायचे तर त्या सगळ्यांकडे पाहिलेले असले पाहिजे. सह्याद्रीतल्या कित्येक वनस्पतींची नावे एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी गोळा केलेल्या नमुन्यांवर बेतलेली आहेत आणि त्यांतले बरेच नमुने लंडनच्या क्यू उद्यानात आहेत. काही मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, काही पुण्यात वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात, काही कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात. त्याखेरीज थिओडोर कुक यांची १९०१ ते १९०८ या काळात निघालेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची. अंजनेरिकाच्या लेखातही नव्या जातीच्या वर्णनाबरोबर तिच्या अख्ख्या गटावर एक टिपण आहे, आणि ते काही शेपूट म्हणून जोडलेले नाही. गटातल्या बाकीच्या भावंडांचा हिशेब लागल्याशिवाय नव्या सदस्याला जागा देता येत नाही.

पुढचे नियम आंतरराष्ट्रीय वनस्पती नामसंहिता घालून देते. १९५८ पासून प्रत्येक नव्या जातीसाठी एक टाइप नमुना नेमावा लागतो. एखाद्या नावाबद्दल उद्या वाद झाला तर ते नाव त्या एका वाळलेल्या फांदीला बांधलेले राहते. वर्णनात चूक असली तरी निवाडा नमुन्यावरून होतो. तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे तेही सांगावे लागते. वेगळेपण सांगणारा मजकूर १९३५ ते २०११ या काळात लॅटिनमध्येच लिहिण्याची सक्ती होती. २०१२ पासून इंग्रजी चालते. अंजनेरिकाला २००६ साली लॅटिनचा उंबरठा ओलांडावा लागला होता.

कपाटाचे हे महत्त्व मी फुगवून सांगतो आहे असे कोणाला वाटेल. २०१० साली डॅनिअल बेबर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक अभ्यास छापला. नव्या जातींचा नमुना प्रथम गोळा झाला केव्हा आणि वर्णन प्रसिद्ध झाले केव्हा, एवढेच त्यांनी मोजले. पाच वर्षांच्या आत वर्णन झालेल्या जाती फक्त १६ टक्के निघाल्या. जवळजवळ एक चतुर्थांश वर्णनांत पन्नास वर्षांहून जुने नमुने होते. अजून वर्णन न झालेल्या सुमारे ७० हजार सपुष्प जातींपैकी निम्म्याहून अधिक आधीच गोळा होऊन कुठल्या ना कुठल्या कपाटात पडून असाव्यात, असा त्यांचा अंदाज होता. त्याचे ठसठशीत उदाहरण २०२२ मध्ये मिळाले. व्हिक्टोरिया बोलिव्हियाना हे जगातले सर्वांत मोठ्या पानांचे कमळ. त्याचा नमुना क्यूच्या संग्रहात १७७ वर्षे होता आणि सगळे त्याला दुसऱ्याच जातीचा समजत होते. इतकी प्रचंड वनस्पती जर चुकीच्या लेबलाखाली पावणेदोन शतके राहू शकते, तर बोटभर गेंदासाठी किंवा गवतासाठी वेगळे काय घडणार? सिंधुदुर्गातल्या वैभववाडीतून २०१९ मध्ये वर्णन झालेल्या एरिओकॉलॉन पार्व्हिसेफालम या गेंदाच्या जातीची ओळखच तिच्या अगदी इवल्या फुलोऱ्यावर ठरली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्या वंशाच्या उत्क्रांतीवर काम चालू असताना ती वेगळी निघाली. गट आधीच पाठ होता म्हणून ती दिसली.

यावर पहिली हरकत येते ती रास्त आहे: डोंगरावरच्या माणसांना ही झाडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत, त्यांचे कंद त्यांनी खाल्लेले आहेत, मग ‘शोध’ कसला? खरेच, विज्ञानाने इथे मालकी सांगू नये. पण खर्पुडी म्हणणाऱ्याला कंद खाण्याजोगा आहे की नाही हे कळायला हवे असते; त्र्यंबकची खर्पुडी आणि जुन्नरची खर्पुडी एकच की दोन, हा प्रश्न त्याच्यापुढे कधी येत नाही. तो प्रश्न येतो दोन्ही नमुने एका टेबलावर आल्यावर. दोन्ही ज्ञाने खरी आहेत, त्यांचे काम वेगळे आहे. माझी तक्रार एवढीच की वाट दाखवणाऱ्या गावकऱ्याचे नाव लेखात आभारापुरतेही क्वचितच येते.

दुसरी हरकत अधिक बोचरी आहे. नावासाठी आणि बढतीसाठी लोक एका जातीच्या दोन करतात, एखादा केस जास्त दिसला की नवी जात जाहीर करतात. असे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावरचा उपायही याच कामात आहे. तळेगाव-दाभाडेच्या माळावरून २०२४ मध्ये वर्णन झालेली डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा घ्या. आदित्य धारप आणि मंदार दातार यांनी त्या झाडांवर काही वर्षे नजर ठेवली, लक्षणे दरवर्षी तीच राहतात का ते पाहिले. पावसाळा संपल्यावर एकदा आणि वणव्यानंतर मे-जूनमध्ये पुन्हा, अशी ती दोनदा फुलते. आगीनंतरचे बुटके रूप आधीच्यापेक्षा इतके वेगळे की घाई करणाऱ्याने एकीच्याच दोन जाती केल्या असत्या. क्यूमधल्या तिच्या कुळाच्या जाणकाराने खातरजमा केली, आणि मग नाव ठेवले. उलट बाजूने फ्रेरिया इंडिका पाहा. डालझेल यांनी १८६० च्या दशकात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने तिच्यासाठी एक नवा वंशच काढला. पुढच्या अभ्यासकांनी तो मोडून तिला आधी कॅरालुमात आणि मग बुसेरोसियात नेले. जात म्हणून मात्र ती टिकली. दावा उघडा असतो, नमुना जागेवर असतो, कोणीही येऊन खोडून काढू शकतो. आमच्या किती सार्वजनिक व्यवहारांबद्दल असे म्हणता येईल?

फोटो आणि डीएनए असताना झाड उपटून वाळवण्याचा रानटीपणा कशाला, अशी तिसरी हरकत हल्ली तरुण निसर्गप्रेमी घेतात. फोटोत किरीट दिसत नाही हे वर आलेच. डीएनए दोन झाडे वेगळी असल्याचे दाखवील, पण दोघांपैकी जुने नाव कोणाचे हे टाइप नमुन्याशी ताडल्याशिवाय सांगता येणार नाही. संख्या अगदी थोडी असेल तर कंद जमिनीत ठेवून फक्त फुलोऱ्याची फांदी घ्यावी, एखादे फूल स्पिरिटमध्ये ठेवावे म्हणजे नळी दबून चपटी होत नाही, आणि नेमका ठिकाणा छापू नये. कंदीलपुष्पांना हौशी संग्राहकांचे गिऱ्हाईक आहे, त्यामुळे ही शेवटची खबरदारी ऐच्छिक मानू नये.

आणि उपयोग काय, हा आपला लाडका प्रश्न. कायदा, आराखडा, पर्यावरण परिणामांचा अहवाल, सगळीकडे जातींच्या याद्या लागतात, आणि नाव नसलेली वनस्पती कोणत्याही यादीत बसत नाही. अंजनेरीचा ५.६९ चौरस किलोमीटरचा भाग २०१७ मध्ये संवर्धन राखीव जाहीर झाला. पुढे डोंगरावर रस्ता आणि रोपवे नेण्याचे प्रस्ताव आले तेव्हा विरोध करणाऱ्यांनी गिधाडांच्या बरोबरीने अंजनेरिका या एका रोपाचे नाव पुढे केले. २००६ पूर्वी ते करता आले नसते; झाड तेच, तिथेच, पण बोलण्याजोगे नाव नाही. आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये एबो वर्षावनातल्या एका झाडाला क्यूच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये अभिनेता लिओनार्डो डिकॅप्रिओ याचे नाव दिले, कारण त्या रानातली लाकूडतोड रोखण्यासाठी त्याने आवाज उठवला होता. आपल्याकडे विशाळगडावर मिळालेल्या कंदीलपुष्पाला २०२३ मध्ये सेरोपेजिया शिवरायिना हे नाव मिळाले. त्या चमूत चांदवडच्या महाविद्यालयातले प्राध्यापक होते. अशा नावांना काही जण नाके मुरडतात. मला त्यात वावगे दिसत नाही. नावाने झाड वाचतेच असे नाही, वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टात तर अनेक वर्षे जेमतेम सहा वनस्पती होत्या. पण नाव नसेल तर वाचवण्याची मागणीही करता येत नाही.

तेव्हा नाशिककरांपुढे प्रश्न पुढचे फूल कोणाला दिसेल हा नाही. ते पुढच्या पावसात हरिहर, ब्रह्मगिरी किंवा सप्तशृंगीच्या उतारावर कोणाला तरी दिसेलच, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. ते ताडून पाहायला आपण कुठे जाणार? वनस्पतिशास्त्राच्या पदवीत वर्गीकरणाचे तास आक्रसत चालले आहेत, संग्रहाची देखभाल करणारे पद रिकामे झाले की भरले जात नाही, आणि दमट पावसाळ्यात कसर लागलेला नमुना पुन्हा मिळत नाही. सोनघंटेला १८९४ साली अब्युटिलॉन रानडेई हे नाव मिळाले ते पुण्याच्या सायन्स कॉलेजातला वनस्पतिसंग्रह सांभाळणाऱ्या रानड्यांवरून. त्या पदावरच्या माणसाची किंमत तेव्हा ओळखली गेली होती. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आपापली जुनी कपाटे उघडून नमुन्यांची यादी करावी, त्यांची छायाचित्रे सर्वांना खुली करावीत. आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता कायद्याखाली लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी: ग्रामसभेत ती मागा, उघडून वाचा, आणि आपल्या शिवारातली कोणती झाडे तिच्यात नाहीत ते लिहून द्या.